काच रस्त्याकडे, ऊन पश्चिमेकडून

१५ जून २०२३ रोजी कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी स्फोटकं लावून पाडली. उंची सुमारे ९२ मीटर. काही सेकंदांत ती खाली आली आणि सोलापूरभर मोबाईलवर तिचं पडणं फिरू लागलं. चिमणी पडावी की राहावी यावर शहराने कित्येक वर्षं वाद घातला होता. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले. कारण एकच होतं. होटगी रोडच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत ती येत होती. पुढे जून २०२५ मध्ये तिथून गोव्याला विमान सुरू झालं.

उंच इमारतींबद्दलच्या प्रकरणाची सुरुवात पाडापाडीने करतोय, कारण या शहरात उंचीचा हिशेब आता तिथूनच सुरू होतो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून आकाशात एक तिरपा पृष्ठभाग कल्पिलेला असतो. धावपट्टीजवळ तो जमिनीलगत असतो आणि दूर जाल तसा वर चढत जातो. त्याला भेदून कुणी वर जायचं नाही. म्हणून विमानतळाच्या परिसरात मजले चढवायचे, तर महापालिकेच्या परवानगीबरोबर विमानतळ प्राधिकरणाचं उंचीचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. एकेकाळी सोलापूरची उंची गिरण्यांच्या धुराड्यांवरून मोजली जायची. १८७०च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. त्या काळी धुराडं जितकं उंच तितकी गिरणी मोठी, असा साधा हिशेब होता. विचारायला वर कुणी नव्हतं.

गिरण्या गेल्या. आज शहरातली शिकलेली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत कामाला बसतात. सोलापुरात आयटी पार्क हवा ही मागणी त्यातूनच आली. त्यामुळे होटगी रोडला किंवा विजापूर रोडला एखादी निळसर काचेची दर्शनी बाजू चढू लागली, की येणारे-जाणारे जरा थांबून बघतात. त्या काचेत त्यांना नोकरी दिसते. इथे आपण ती इमारत पायापासून बघू.

सुरुवात मातीपासून. सोलापूर म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचा हा खडक. त्याच्यावर मुरूम आणि मुरमावर काळी माती. शेतकऱ्याला ही माती सोनं वाटते, पण बांधकामवाला तिचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालतो. पाणी लागलं की ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरून ते थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात. हे ढकलणं एवढं जोरकस असतं, की हलकं घर वर उचललं जातं आणि भिंतीला तिरपा तडा जातो. म्हणून मोठ्या इमारतीचा पाया काळ्या मातीत ठेवतच नाहीत. ती सगळी उचलून टाकायची, मुरूमही ओलांडायचा आणि ब्रेकर लावून पाषाणापर्यंत पोचायचं. शेजारच्या दुकानदारांचे कान महिनाभर किटतात तो हाच टप्पा. तक्रार रास्त असली तरी उत्तम खडक एवढ्या जवळ मिळणं हे भाग्य आहे. मुंबईत भरावाच्या जमिनीवर बांधणाऱ्याला त्यासाठी कितीतरी खोल पाइल घालावे लागतात.

मग कॉलम, बीम, स्लॅब. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गल्लोगल्ली सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त सोलापूरच्या मे महिन्याबद्दल बोललं पाहिजे. पारा ४२-४३ अंशांवर गेला की काँक्रीट मिक्सरमधून साइटवर येईपर्यंतच घट्ट व्हायला लागतं. त्यातलं पाणी वाऱ्याने उडून जातं आणि स्लॅबवर केसासारख्या चिरा पडतात. ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. खडी सावलीत ठेवणं, पाण्यात बर्फ टाकणं आणि सगळ्यात सोपं म्हणजे रात्री स्लॅब टाकणं, हे त्यावरचे उपाय. उन्हाळ्यात रात्री दोन वाजता एखाद्या साइटवर दिवे लावून पंप चालू दिसला, तर तो कंत्राटदार नियम मोडत नसून बहुधा पाळत असतो. त्यानंतर पाणी मारणं. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी साठवतात, कॉलमला ओली पोती गुंडाळतात. किमान सात दिवस, कोरड्या हवेत दहा. सात दिवसांत काँक्रीटला साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकदीचा हिशेब २८ दिवसांचा. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे हे वाफे पाहून लोक चिडतात. पण पाण्यात कंजुषी केलेला स्लॅब पुढे पन्नास वर्षं गळतो.

एवढं झालं की सांगाडा उभा राहतो, आणि या सांगाड्यामुळेच काच शक्य होते. जुन्या वाड्यात छताचं ओझं भिंतीवर असायचं. भिंत पातळ केली तर घर कोसळेल, खिडकी मोठी केली तर भिंत कमजोर होईल. सांगाड्याने ते ओझं स्वतःकडे घेतलं आणि भिंत मोकळी झाली. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेचा अख्खा महाल उभारला. मुंबईतलं वॉटसन हॉटेलही १८६०च्या दशकात इंग्लंडमधून सुटे ओतीव लोखंडी भाग आणून जोडलेलं, सांगाड्यावर उभं असलेलं. पण खऱ्या अर्थाने काचेची कार्यालयं आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कचं लीव्हर हाऊस १९५२ चं. त्याच दशकात इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीत अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टनने फ्लोट काच बनवण्याची पद्धत पक्की केली, १९५९ मध्ये ती जाहीर झाली. त्याआधी मोठी सपाट काच हवी तर दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करावी लागे आणि ती महाग पडे.

फ्लोटची युक्ती सुंदर आहे. वितळलेली काच सुमारे हजार अंशांना वितळलेल्या कथलाच्या तळ्यावर सोडतात. कथील जड आणि काच हलकी, म्हणून काच वर तरंगते आणि पसरते. खालचा पृष्ठभाग द्रव, वरचा मोकळा, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सपाट होतात. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला सुमारे ६०० अंशांना काच घट्ट झालेली असते, पण कथील २३२ अंशांपर्यंत द्रवच राहतं, म्हणून काचेची पट्टी ओरखडा न पडता उचलून पुढे नेता येते. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात तळोज्याला असा कारखाना आहे.

इमारतीला लागणारी काच मात्र नुसती फ्लोट नसते. ती पुन्हा साडेसहाशे अंशांच्या आसपास तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला कायमचा दाबून धरतो. ही टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता तिचा चुरा होतो. गोम अशी, की एकदा टफन केल्यावर ती कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. कापायला गेलात तर अख्खी काच हातात चुरा होऊन येते. म्हणून सांगाडा पूर्ण झाल्यावर माणूस टेप आणि लेझर घेऊन प्रत्येक मजल्याचं प्रत्यक्ष माप घेतो आणि मगच काच मागवली जाते. नकाशात बारा फूट असलेला गाळा साइटवर अकरा फूट साडेअकरा इंच भरतोच. सांगाडा तयार आहे, आत प्लास्टर चाललंय आणि तरी दोन-तीन महिने काच येत नाही, असं दिसलं की लोक म्हणतात, ‘पैसे संपले.’ बरेचदा मापंच चालू असतात.

आता काच चढते. ती स्लॅबवर उभी नसते, स्लॅबच्या कडेला लटकवलेली असते. स्लॅबच्या कडेत धातूचे ब्रॅकेट, त्यांना अ‍ॅल्युमिनियमचे उभे खांब, खांबांत काच, आणि मध्ये रबर व सिलिकॉन. ब्रॅकेटची भोकं गोल नसून लांबट असतात, म्हणजे बोल्ट थोडा इकडेतिकडे सरकतो. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. अ‍ॅल्युमिनियम काँक्रीटच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. चार मीटरचा खांब हिवाळ्यातल्या पहाटेच्या १५ अंशांवरून मेच्या उन्हात ६५ अंशांवर गेला, तर साडेचार मिलिमीटरहून जास्त लांब होतो. त्याला जागा ठेवली नाही तर तो वाकेल आणि काच दाबून फोडेल.

कडक सांधा काय करतो हे बोस्टनने महाग किंमत मोजून शिकलं. तिथल्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या दुहेरी काचा १९७३ मध्ये निखळून रस्त्यावर पडू लागल्या. दोन काचांमधल्या शिशाच्या पट्टीचं जोडकाम इतकं घट्ट होतं, की रोजच्या हालचालीचा ताण ते काचेवरच टाकत होतं. शेवटी सगळ्या, म्हणजे १०,३४४ काचा बदलल्या.

वाऱ्याची गोष्टही उलटीच आहे. वळवाच्या पावसाआधी सोलापुरात वावटळ उठते, तेव्हा आपल्याला वाटतं काच आत ढकलली जाईल. समोरच्या बाजूला तसं होतंही. पण इमारतीच्या कडांना आणि पाठीमागे वारा काच बाहेर ओढतो, आणि कोपऱ्यात ही ओढ सगळ्यात जास्त असते. अभियंता कोपऱ्यातल्या काचा जाड घेतो, त्या यासाठी.

आणि भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. सोलापूरहून ती सुमारे ८० किलोमीटर. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं मातीत चिणलेल्या दगडी भिंतींखाली आणि जड धाब्यांखाली गाडली गेली. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या जवळ जातो. हे इथे आठवण्याचं कारण आहे. काचेच्या इमारतीवर टीका करताना आपल्याकडे लगेच माळवदाच्या घरांचं कौतुक सुरू होतं. जाड भिंती, पांढऱ्या मातीचं छत, छोट्या खिडक्या, मे महिन्यातही गारवा. ते सगळं खरं आहे. पण भूकंपात माणूस मरतो तो वजनाने, आणि तो गारवा त्या वजनातूनच येत होता. सांगाड्यावर हलकी भिंत टांगणं हा त्यावरचा शहाणा उपाय आहे. माझं भांडण काचेशी नाही.

ते आहे दिशेशी. आपल्या गावात काच कुठल्या बाजूला लावायची हे रस्ता ठरवतो. रस्त्याकडचं तोंड देखणं हवं, म्हणून समोर काच आणि बाकी तीन बाजूंना वीट. आता नकाशा पाहा. विजापूर रोड सातरस्त्याच्या बाजूने जवळजवळ दक्षिणेला जातो. म्हणजे त्याच्या दोन्ही कडांच्या प्लॉटची तोंडं पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. होटगी रोड आग्नेयेला जातो, तिथे एका बाजूच्या इमारती नैऋत्येकडे बघतात. दुपारच्या उन्हाच्या बाबतीत नैऋत्य ही पश्चिमेची सख्खी बहीण. शहराचे हे दोन वाढते रस्ते म्हणजे भर उन्हात काच लावण्याची सोयच.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १० मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण जूनमध्ये दुपारी उत्तरेच्या भिंतीकडे पाहिलं तर दिसतं. तरीही उत्तरेची काच त्रास देत नाही, कारण सूर्य खूप उंच असतो. २१ जूनच्या दुपारी उत्तरेच्या खिडकीवरचा एक फुटाचा छज्जा जवळपास दहा फूट खाली सावली पाडतो. तोच एक फुटाचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर मे महिन्यात दुपारी साडेचारला जेमतेम सात इंच सावली देतो. सूर्य तेव्हा क्षितिजापासून ३१ अंशांवर उतरलेला असतो आणि थेट टेबलावर येतो. पश्चिमेला छज्जा निरुपयोगी. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा सरळ भिंत हवी.

थोडा हिशेब करू. पश्चिमेला दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच काच, म्हणजे ३० चौरस मीटर. मे महिन्यात त्या वेळी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६०० वॅट ऊन पडतं असं धरू. एकूण १८ किलोवॅट. साधी पारदर्शक काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते, म्हणजे १४ किलोवॅटच्या वर. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आलं. तर फक्त या एका काचेसाठी चार टनांचा एसी. माणसं, कॉम्प्युटर, छत यांचा हिशेब वेगळा. आत आलेलं ऊन फरशी आणि फर्निचर तापवतं, त्या तापलेल्या वस्तू अवरक्त किरण सोडतात, आणि ते काचेतून परत बाहेर जात नाहीत. पार्क चौकात काचा बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडीसारखी खोली तापत राहते.

यावर उपाय निघालेला आहे. दोन काचांच्या मध्ये कोरडी हवा बंद केलेलं युनिट घ्यायचं आणि बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला चांदीचा, डोळ्याला न दिसणारा पातळ लेप. अशी चांगली काच उष्णतेतला पाव-सव्वापाव भागच आत सोडते. वरच्या हिशेबात चार टनांच्या जागी दीड टन. पण लेप कुठल्या बाजूला आहे याला फार महत्त्व आहे, आणि साइटवर युनिट उलटं बसू शकतं. जाणते फिटर त्यासाठी लायटर पेटवून काचेसमोर धरतात. दोन काचांचे चार पृष्ठभाग, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातल्या एकाचा रंग वेगळा असतो, तिथे लेप. बाहेरून दुसऱ्या क्रमांकाचं प्रतिबिंब वेगळ्या रंगाचं असेल तर काम बरोबर.

काचेच्या या दोषाची जगाला कल्पना नव्हती असंही नाही. १९३३ मध्ये ल कोर्बुझिए यांनी पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीच्या आश्रयगृहाला दक्षिणेकडे न उघडणारी अखंड काचेची भिंत दिली. हवा थंड करायची यंत्रणा पैशाअभावी राहिली. पहिल्या उन्हाळ्यात आत बसवेना, शेवटी उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि पुढे समोर काँक्रीटच्या सावलीच्या चौकटी आल्या. पॅरिसचा उन्हाळा तो केवढा! त्यातून शिकलेल्या त्याच माणसाने चंदीगडला काचेपुढे खोल काँक्रीटच्या जाळ्या उभ्या केल्या.

आणि गिरणीवाल्यांनाही हे ठाऊक होतं. कापड गिरण्यांच्या विणकाम विभागावर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असायचं. प्रत्येक दात्याची एक बाजू पत्र्याची किंवा कौलाची, दुसरी काचेची, आणि काच उत्तरेला. विणणाऱ्याला धागा दिसायला भरपूर पण सावलीविना, एकसारखा उजेड हवा असतो. पद्धत लँकेशायरची. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, त्यामुळे उत्तरेची काच बिनघोर. गिरण्यांच्या गावाला काच नवी नाही. तेव्हा ती कामगाराच्या डोळ्यांसाठी लावली जायची, आता जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी लावली जाते, एवढाच फरक पडला.

धुळीबद्दल दोन शब्द. काळ्या मातीचा आणि सिमेंटच्या ट्रकचा प्रदेश, पाऊस थोडा. काच आठवड्यात मळते, आणि दोरावर लटकून ती धुणारी माणसं आणि त्यांना लागणारं पाणी याचा खर्च कुठल्याही संकल्पचित्रात दाखवलेला नसतो. दुसरं न दिसणारं काम आगीचं. स्लॅबची कड आणि काच यांच्यात हात जाईल एवढी फट राहते. ती रॉकवूलने घट्ट भरली नाही, तर खालच्या मजल्याचा धूर त्या फटीतून प्रत्येक मजल्यावर पोचतो. फॉल्स सीलिंग झालं की ही फट झाकली जाते आणि मग कुणी बघत नाही.

मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची देशाची ऊर्जा संवर्धन संहिता काचेचं प्रमाण भिंतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत धरून चालते. सोलापूरसाठी मला तेही जास्त वाटतं, निदान पश्चिमेला. उत्तरेला हवी तेवढी लावा, दक्षिणेला छज्जा देऊन लावा, पूर्वेला बेताने लावा. रस्ता पश्चिमेला असेल, तर नक्षी भिंतीवर करा.

तुम्ही अशा इमारतीत ऑफिस घेणार असाल, तर तीन गोष्टी विचारा. काच किती टक्के उष्णता आत सोडते, याचा कंपनीने दिलेला आकडा कागदावर मागा. स्लॅब आणि काच यांच्यातली फट कशाने भरली, ते सीलिंग लागायच्या आधी पाहा. आणि जागा दाखवणारा तुम्हाला सकाळी अकराची वेळ देईल, ती घेऊ नका. मे महिन्यात, दुपारी साडेचार वाजता, एसी बंद ठेवायला सांगून जा.